जायला पंधरा, यायला तेरा

“इथून तिकडे विमानाला किती वेळ लागतो हो?”

त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. काउंटरवर कोपर टेकवलेलं, ओल्या छत्रीचं पाणी आमच्या चकचकीत फरशीवर ठिबकतंय आणि चेहरा अगदी गंभीर. त्याने ज्या शहराचं नाव घेतलं ते जगाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. ते नाव मी पुढे फारसं उच्चारलंच नाही. आमच्या घरात त्याला नुसतं ‘तिकडे’ म्हणायची पद्धत पडली.

विमान कंपनीच्या तिकीट ऑफिसातला तो माझा तिसरा दिवस होता. ऑफिस रस्त्याच्या कोपऱ्यावर. दर्शनी बाजूला मोठी काच आणि काचेमागे पृथ्वीचा एक गोल, कमरेएवढा उंच. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मीही मुलाखतीला आले तेव्हा आधी तो गोलच बघत बसले होते.

मी ऐटीत वेळापत्रक उघडलं. निघणार सकाळी नऊ. पोचणार दुपारी तीन. टेबलाखाली बोटांवर मोजलं.

“सहा तास.”

“सहा?”

“हो. सहा.”

“वा! म्हणजे सकाळी निघून, काम उरकून, रात्री जेवायला घरी!”

“थांबा, परतीचं बघावं लागेल.” मी पान उलटलं. तिथून निघणार सकाळी दहा, इथे पोचणार दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. “परत यायला...” माझा आवाज जरा खाली आला, “बावीस.”

“अरेच्चा! येताना विमान चालत येतं का?”

शेजारच्या टेबलावर मोठ्या बाई चहा पीत होत्या. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या त्या. चहा त्यांच्या नाकात गेला.

“अगं बाई माझे! तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा नऊ तास मागे असतात. ते नऊ जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. काल शिकवलं ना तुला?”

कान तापले माझे. पुन्हा बोटं मोजली. “जायला पंधरा... यायला तेरा. पण बाई, वाट तर तीच ना? मग दोन तास कुठे गेले?”

उत्तर त्याने दिलं. “वाऱ्यात. वर, खूप वर, वारा जवळजवळ एकाच दिशेने पळत असतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून जाण्यापेक्षा येणं लवकर होतं.”

मी वेळापत्रक मिटून टाकलं. “सगळं माहीत होतं तर विचारलंत कशाला?”

“विचारायच्या होत्या तारखा. वेळेचं आपलं सहज विचारलं. पण तुम्ही इतक्या खात्रीने सहा म्हणालात... मला वाटलं, असेलही. असतं तर किती बरं झालं असतं, नाही?”

आणि तो छत्री उचलून निघून गेला. तारखा न विचारताच!

अर्थात त्यामुळे त्याला दुसऱ्या दिवशी यावं लागलं. मग तिसऱ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, “हा माणूस एक प्रवास किती वेळा चौकशी करून करणार आहे?”

हळूहळू कळत गेलं. तो हवामान खात्यात होता. विमानतळाच्या कुंपणाला लागून त्यांची एक शेड होती. तिथून रोज मोठे पांढरे फुगे आकाशात सोडायचे आणि वरचा वारा, वरची थंडी मोजायची, हे त्याचं काम. ऑफिसात त्याचं नाव लगेच फुगेवाला पडलं. त्याने माझं नाव ठेवलं, सहातास. “सहातास आहेत का?” असं दारातूनच विचारायचा. चार महिन्यांनी त्याला ‘तिकडे’ जायचं होतं. तिथल्या मोठ्या हवामान केंद्रावर दोन वर्षांसाठी.

चार महिने! चौकशीला भरपूर वेळ होता.

आमच्याकडे गिऱ्हाइकाला अंतर दाखवायची एक पद्धत होती. गोलावर एका विमानतळावर दोऱ्याचं टोक धरायचं, दुसऱ्या विमानतळापर्यंत दोरा ताणायचा आणि मग तो पट्टीवर मोजायचा. त्यासाठी एक निळा दोरा गोलाच्या पायाला गुंडाळून ठेवलेला असे. मोठ्या बाई त्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्या जेवायला गेल्या होत्या.

“दाखवा की मला,” तो म्हणाला. “किती लांब जातोय ते बघू तरी.”

मी आपल्या गावावर बोट ठेवलं. दुसरं टोक त्याने ‘तिकडे’ धरलं. दोरा आपोआप वर सरकला, थेट उत्तरेच्या बर्फाकडे.

“अय्या, हा असा वरून का जातोय? भिंतीवरच्या नकाशात तर सरळ आडवी रेघ आहे.”

“नकाशा सपाट असतो म्हणून तसं दिसतं. जग गोल आहे. जवळची वाट वाकडीच असते.” मग जरा थांबून, “मी नाही का रोज घरी जाताना इकडून जातो.”

“तुमचं घर विमानतळाजवळ आहे ना? इकडून कसं पडतं?”

“तेच म्हणतोय मी.”

मी हसू दाबून दोरा पट्टीवर धरला. अकरा हजार किलोमीटर! गोलावर ते माझ्या दोन वितींत मावत होतं. त्याचं बोट आणि माझं बोट, मध्ये एक निळा दोरा. दोघांपैकी कुणीच तो लवकर सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने मला शेडवर बोलावलं. मी गेले. आत्याला सांगून गेले, ऑफिसचं काम आहे म्हणून.

मला आत्याने वाढवलं. आई-वडिलांच्या माघारी आम्ही दोघीच. जिभेने तिखट; पण मी ऑफिसातून यायच्या वेळेला ती खिडकीशी उभी असायची. तेव्हा तिचे डोळे अधू व्हायला लागले होते. रस्त्यावरून येणारी मी आहे हे तिला दिसायचं नाही, चालण्यावरून ओळखायची.

शेडमध्ये गॅसचा वास होता आणि मधोमध तो फुगा हळूहळू फुगत होता. माणसाच्या दीडपट उंच, दुधासारखा पांढरा. खाली दोरीला एक पेटी बांधलेली, बुटांच्या खोक्याएवढी.

“धरा,” तो म्हणाला. “घट्ट धरा, नाहीतर तुम्हीच जाल वर.”

बाहेर मैदानात बारीक भुरभुर चालू होती. फुगा माझ्या हातात जिवंत असल्यासारखा ओढ घेत होता. तो घड्याळाकडे बघत माझ्या शेजारी उभा राहिला.

“सोडू?”

“थांबा. पाच वाजू देत.”

“दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं?”

“बिघडतं. आत्ता जगातल्या सगळ्या केंद्रांवर माणसं अशीच फुगा धरून उभी आहेत. कुठे मध्यरात्र असेल, कुठे दुपार. पण सगळे एकाच वेळी सोडतात. तरच साऱ्या जगाची हवा एकदम कळते.”

“सगळे? तिकडेसुद्धा?”

“तिकडेसुद्धा. तिथे आत्ता सकाळचे आठ वाजत आहेत.” मग तो हळूच म्हणाला, “सोड आता.”

सोड. सोडा नव्हे. माझ्या ते लगेच लक्षात आलं, त्याच्या जरा उशिरा आलं. फुगा हातातून असा निसटला, जसा काही कधी माझा नव्हताच. आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो. तोंडावर पाऊस पडत होता. फुगा ढगात शिरला, तरी आम्ही बघतच होतो.

आत्याला माझं ऑफिसचं काम पहिल्याच दिवशी कळलं होतं. “केस भिजलेत, आवाज खुललाय. असलं कसलं गं ऑफिस? बोलाव त्याला घरी.”

तो आला. आत्याने त्याला समोर बसवलं. “काय करता?”

“फुगे सोडतो.”

“आणि पगार? की तोही हवेतच?”

“पगार जमिनीवरच मिळतो. पण थोडा.”

“हं. खोटं तरी बोलत नाही.” आत्याने चहा ओतायला किटली पुढे केली, ती कपाच्या शेजारी, नुसत्या हवेत. त्याने कप सरकवून तिच्या हाताखाली धरला, काही न बोलता. आत्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं. माझं जे काही व्हायचं होतं ते त्या क्षणी होऊन गेलं.

जायला महिना उरला असताना त्याने विचारलं. आमच्या जिन्यात, दिवा गेलेला होता.

“तूही चल ना...”

मी वर बघितलं. आमच्या दाराखालून उजेडाची फट दिसत होती. आत आत्या चाचपडत भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

“तिला कुठे ठेवू?”

तो म्हणाला, “मग मी जात नाही.”

“वेडा आहेस का? सगळ्या खात्यातून तुझी एकट्याची निवड झाली. उद्या चहा पिताना त्या चहात तुला तेच दिसेल. जा तू.”

“थांबशील?”

काय सांगणार होते मी? तिकिटाच्या धंद्यात मी होते. आमच्या काउंटरवरून कितीजण दोन वर्षांसाठी म्हणून गेले. त्यांच्या आया यायच्या पुढे, विचारायला, की तिकडे जायचं भाडं काय हो. मुलं परत यायची नाहीत, आयांनाच जावं लागायचं.

“मी कुठे जाणारे?” एवढंच म्हणाले.

तिकीट मीच लिहिलं. हाताने लिहायचे तेव्हा. नियमाप्रमाणे विचारावं लागे, म्हणून विचारलं, “परतीचं?”

“हो, अर्थात.”

“परतीचं तिकीट एका वर्षाच्या आत वापरावं लागतं.” मला स्वतःचाच आवाज परका वाटला. “तुम्ही दोन वर्षांसाठी जाताय. ते वाया जाईल.”

“मग?”

“एकेरी.”

“लिहा,” तो म्हणाला. मोठ्या बाई उगाचच उठून कपाट आवरायला लागल्या.

एकेरी! तो शब्द मी दिवसातून दहादा लिहायचे. त्या दिवशी पेन दोनदा अडलं.

तो गेला त्या सकाळी मी विमानतळावर गेले नाही. ऑफिसच्या गच्चीवर गेले. नऊ वाजून काही मिनिटांनी विमान डोक्यावरून गेलं. समोरून वारा होता त्याला. मला वाटलं, वाऱ्या, अजून जरा जोर लाव रे...

त्यानंतर माझी एक सवय झाली. रोज पाचच्या सुमाराला चहाचा कप घेऊन मी गच्चीवर जायची. विमानतळाच्या दिशेला एक पांढरा ठिपका वर यायचा. आता तो दुसराच कुणी सोडत असे. पण माझ्या लेखी तो हात कुणाचा हा प्रश्न नव्हताच. याच क्षणाला तिकडे, सकाळच्या आठच्या उन्हात, तोही मान वर करून उभा असेल. अकरा हजार किलोमीटर खरे, नऊ तासांचा फरकही खरा. पण त्या एका क्षणाला आमच्यात काहीच फरक नव्हता. ठिपका दिसेनासा झाला की चहा थंड झालेला असायचा.

“पाच वाजले,” मोठ्या बाई म्हणायच्या, “आता हिची मान वर.” एकदा मात्र त्या चिडल्या होत्या. “गोलाचा निळा दोरा कुठे गेला? कुणी नेला असेल?” मी मान खाली घातली. तो शेवटचा आला होता त्या दिवसापासून दोरा नव्हता. आम्ही पांढरा आणला.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तो पांढरा दोरा गोलावर ताणायची. अंतर तेवढंच भरायचं. कमी होईल अशी कुठली आशा मला होती, देव जाणे.

पत्रं यायची. त्यांत बर्फ असायचं, वारा असायचा, आत्याच्या डोळ्यांची चौकशी असायची. फोन क्वचित. ऑफिसात यायचा, आणि आवाज तिकडून इकडे पोचायला एक श्वास लागायचा. त्यामुळे आम्ही नेहमी एकदम बोलायचो आणि एकदम थांबायचो.

दीड वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी फोन आला.

“ऐक,” तो म्हणाला. “इथे मला कायमचं ठेवून घ्यायचं म्हणतायत. मोठी जागा आहे.”

मी बोलले नाही. माझी शांतता तिकडे पोचायलाही एक श्वास लागला असेल.

“ऐकतेस ना? सांग काहीतरी.”

“चांगलं आहे की,” मी म्हणाले. “तुझ्या कष्टांचं चीज झालं.”

“तेवढंच?”

“पाच वाजत आले. तुझा फुगा...”

खरखर झाली आणि फोन तुटला. त्या दिवशी मी गच्चीवर गेले नाही.

घरी आत्या जेवायला वाढत होती, अंदाजाने. “आज पाय ओढत आलीस,” ती म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ वाटीची कड चाचपत राहिली.

“जा तू.”

“आणि तू?”

“मी काय तुझ्या गळ्यात बांधलेलं लोढणं आहे? खालची शेजारीण दोन वेळा डोकावते. आणि मला या घरातला कोपरान् कोपरा पाठ आहे, दिसायची गरजच काय? तू मात्र मला दिसतेस, बरं का. न बघता दिसतेस. रोज थोडी थोडी वाळतेयस.” मग तिखट आवाजात, “आणि त्याला सांग, कप हाताखाली कसा धरायचा ते या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

म्हणजे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं!

मी आठवडाभर झोपले नाही. एक मन म्हणायचं जा. दुसरं, खिडकीशी उभी राहून पावलं ऐकणाऱ्या आत्याला बघायचं. शेवटी मोठ्या बाईंना म्हणाले, “कर्मचाऱ्यांचं तिकीट मिळेल का मला? तिकडचं?” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “एकेरी की परतीचं?”

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. आवाज चिरकलेला, मध्येच बुडणारा.

“मंगळवारी निघतोय. बुधवारी पोचतो.”

“म्हणजे? कायमचा की...”

“बाकी आल्यावर...” आणि खरखर.

बाकी आल्यावर. सगळं आयुष्य त्या बाकीत होतं. मला न्यायला येतोय? की समोर बसून नीट सांगायला, की बाई गं, मी तिकडचाच झालो? भला माणूस होता. असलं काही फोनवर सांगणारा नव्हता. त्याचीच मला भीती वाटत होती.

मंगळवारी संध्याकाळी मी गच्चीवर उभी होते. ठिपका वर आला आणि बघता बघता तिरपा होऊन पूर्वेकडे पळाला. एवढा वारा! पण माझं डोकं हिशेबात गुंतलेलं. तिकडून सकाळी दहाला निघणार, तेरा तास, नऊ मिळवले, इथे सकाळी आठ. तीनदा मोजलं. आता मी काही तिसऱ्या दिवसाची पोरगी नव्हते.

बुधवारी आठला पाच मिनिटं असताना मी विमानतळावर पोचले. येणाऱ्यांच्या दाराशी चिटपाखरू नव्हतं. एक झाडूवाली फरशी पुसत होती.

“ते मोठं विमान?” मी विचारलं.

“ते होय? येऊन सव्वा तास झाला. गेली माणसं सगळी.”

मी धावत बाहेर आले, तर भिंतीशी बाकावर एक माणूस बसला होता. शेजारी दोन मोठ्या बॅगा. आकाशाकडे तोंड.

“उशीर केलास,” तो मान न वळवता म्हणाला.

“मी वेळेवर आले आहे! आठ म्हणजे आठ!”

“सहातास गं, सहातास... पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही? येताना वारा पाठीशी असतो. काल सकाळचा फुगा मीच सोडून निघालो. असा काही पळाला म्हणतेस! तेव्हाच कळलं, आज विमान लवकर पोचणार.”

तो उभा राहिला. जरा वाळला होता. कानाजवळ एक केस पांढरा. खिशात हात घालून त्याने काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मळलेला, गाठ पडलेला निळा दोरा.

“ऑफिसचा माल. परत केला म्हणून सांग बाईंना.”

“चोरटा!” एवढंच म्हणता आलं. दोरा मुठीत घट्ट धरला. आणि मग, धीर करून, माझ्या कामातला तोच एक प्रश्न मी विचारला. दुसरा कुठला येतच नव्हता मला.

“परतीचं... परतीचं तिकीट कधीचं आहे?”

त्याने एक बॅग खांद्याला लावली, दुसरी एका हातात उचलली. दुसरा हात माझ्या मुठीवर ठेवला, दोऱ्यासकट.

“एकेरी,” तो म्हणाला. “चल. आत्याबाईंचा चहा व्हायचा असेल अजून.”